परकी बाजू

“रेषा सोडायची नाही, लीबेर. रेषा म्हणजे भिंत. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाला मागून कुणी मारू शकत नाही. चेंडू आला की सरळ पुढं, पार टोकापर्यंत, आणि तिथून आत टाकून द्यायचा. आपण आत शिरायचं नाही. आत बाकीचे आहेत.” गेलेल्या वडिलांचा हा आवाज नीदियाच्या कानात आला तेव्हा ती फुटबॉलच्या सरावाच्या मैदानाच्या तारेपाशी उभी होती, काखेत गरम पावांची पिशवी होती, आणि समोर तिचा भाऊ लीबेर, जन्मभर डावीकडे खेळलेला, उजवीकडे खेळत होता. बेकरीची भट्टी दुपारीच बिघडली, मालकीणबाईंनी उरलेला माल वाटून टाकला आणि सगळ्यांना घरी पाठवलं, म्हणून ती वाट वाकडी करून इकडे आली होती. इतकंच. पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच मैदानाच्या भलत्या अंगाला येऊन उभ्या राहिलो. तिनं मान वळवून पाहिलं. तेलाच्या कारखान्याचं धुराडं नेहमीच्या हाताला होतं, ओढ्याचा कुजक्या कातड्यासारखा वास नेहमीच्या हाताकडूनच येत होता. सगळं जागच्या जागी होतं, फक्त लीबेर हलला होता. परक्या घरी झोपलेल्या माणसाला पहाटे जाग यावी, त्यानं दाराकडे हात न्यावा आणि हाताला गार भिंत लागावी, तसं तिला झालं. लीबेरचा डावा पाय, तो सोन्यासारखा पाय, आता रेषेकडे नव्हता, मैदानाच्या पोटाकडे होता. चेंडू आला की तो रेषेकडे पाठ करायचा आणि आत शिरायचा, दार न वाजवता कुणाच्या माजघरात शिरावं तसा. आणि तिकडे गोलासमोर तिचा नवरा वाल्देमार, इतक्या वर्षांच्या सवयीनं, लांबच्या खांबाकडे धावत जाऊन हात वर करत होता. चेंडू येत नव्हता. लीबेरनं स्वतःच मारलेला असायचा. वर केलेला हात वाल्देमार लगेच खाली आणत नव्हता. थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग डोकं खाजवण्यासाठीच उचलला होता असं दाखवत केसांतून फिरवायचा. नीदियानं ते एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्या वेळी तिनं नजर पावांच्या पिशवीकडे वळवली. कोच फाब्रिसिओ, तिच्याहून लहान, गळ्यात शिट्टी, ओरडला, “झकास, लीबेर! परत तसंच!”

लहानपणी रविवारी सकाळी वडील स्वतः डबा घेऊन चुन्याची रेघ ओढायचे. आठवडाभर खाटकी कारखान्याच्या शीतघरात मांस वाहून त्यांची बोटं निळसर झालेली असायची, त्या बोटांना रविवारी चुना लागायचा. वस्तीतली पोरं गोळा करून ते खेळ शिकवत. डावखुरा डावीकडे, उजवा उजवीकडे, यात त्यांना शंका नव्हती. देवानं ज्या अंगाला जो पाय दिला तिथं तो लावायचा. नीदियाचं काम म्हणजे लीबेरचा कोट सांभाळणं. पण तिला एका जागी उभं राहवायचं नाही. तो रेषेच्या आतून धावू लागला की ती रेषेच्या बाहेरून कोट कवटाळून धावायची, अगदी हाताच्या अंतरावरून, त्याचा श्वास ऐकत. पुढं आई म्हणाली, आता तू मोठी झालीस, असं उंडारायचं नाही, तेव्हा ती बसली. पण बसली त्याच अंगाला. मोठ्या क्लबच्या मैदानावरही तेच. पहिला अर्धा डाव्या अंगाला, आणि मध्यंतरात गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून सगळं गाव जसं आपापल्या हल्ल्यामागं दुसऱ्या टोकाला चालत जातं, तशी ती भावाची बाजू बदलली की उठून पलीकडे जायची. गोल झाल्याचं तिला ओरडण्यावरून कळायचं. तिची नजर चेंडू सुटल्यानंतरसुद्धा लीबेरच्या पायावरच राहायची, जसं आपण वाढणाऱ्याच्या हाताकडे बघतो आणि ताटाकडे बघायचं राहून जातं. वाल्देमार तिला अशाच एका ओरडण्यातून मिळाला. तो उत्तरेचा, सरहद्दीकडचा, बोलण्यात अर्धी भाषा पलीकडच्या देशाची, त्यावरून पोरं त्याची टर उडवायची. पण कपाळ असं रुंद की लीबेरनं टोकावरून उडवलेला चेंडू त्यावर येऊन टेकायचा आणि जाळ्यात जायचा. महिन्याच्या एकोणतिसाव्या तारखेला घरोघरी बटाट्याच्या पिठाचे न्योकी करतात, तशा एका एकोणतिसाला लीबेर त्याला जेवायला घेऊन आला. वडिलांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “डोकं चांगलंय. पुढं बायको मिळेल का नाही ते डोक्याच्या आत काय आहे त्यावर.” लग्नात लीबेरनं पेला उंचावला आणि म्हणाला, “मी वाढतो, हा खातो, आणि आता माझी बहीण भांडी घासणार!” सगळे हसले. नीदियाही हसली. पण ते तिच्या मनात राहून गेलं, कारण ते खरंच होतं. लीबेर रेषेवरून जाणार, टाकणार. वाल्देमार उडी मारणार. आणि त्या एका टाकण्या-उडी मारण्यावर तिच्या घराचं छप्पर, अंगणातला द्राक्षांचा मांडव, मुलीची शाळा, सगळं उभं होतं.

सराव संपल्यावर लीबेर तारेपाशी आला. घामानं निथळत होता आणि डोळ्यांत काहीतरी होतं जे तिनं त्याच्या दहा-बारा वर्षांच्या वयानंतर पाहिलं नव्हतं. “तू गं कशी इकडे? पाव? दे, दे, भुकेनं मेलोय मी.” त्यानं तारेतून हात घालून एक ओढून घेतला. “हे काय चाललंय?” तिनं विचारलं. “काय?” “उजवीकडे कसा तू?” तो पाव चावत राहिला. “वाल्देमारनं सांगितलं नाही तुला?” “काय सांगायचं होतं?” “महिना झाला, नीदिया. फाब्रिसिओनं मला तिकडे टाकलंय. आता जगात सगळीकडे असंच करतात, डावखुरा उजवीकडे, उजवा डावीकडे. आत यायचं आणि मारायचं. टोकावरून उडवणं म्हणे चिठ्ठी टाकण्यासारखं आहे, लागली तर लागली.” तो हसला. “पहिले दोन दिवस मी आंधळ्यासारखा फिरत होतो बघ. रेषा उजव्या खांद्याकडे, सगळं उलटं, आरशात दाढी केल्यासारखं. मग एकदा आत वळलो आणि...” तो थांबला. “आणि काय?” “गोल दिसला. समोर. आख्खा. अगं, इतकी वर्षं मी गोल कडेनं बघितलाय, सटकणाऱ्या दारासारखा. मला वाटायचं तो तसाच असतो.” हे तो अगदी हळू बोलला. त्यानं वाईट वाटून घेतलं असतं, कोचला शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याला आवडत होतं. “रविवारी चिलेहून एका क्लबचा माणूस येतोय मला बघायला,” तो म्हणाला. “या वयात, नीदिया. पुन्हा नाही येणार कुणी.” “आणि वाल्देमार?” लीबेरनं पावाचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला, जणू तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. तिला घरी जाताना बसमध्ये आठवत राहिलं ते हे, की महिनाभर वाल्देमार रोज संध्याकाळी येत होता, बूट काढत होता, आणि ती विचारायची, “काय, कसं झालं?” आणि तो म्हणायचा, “काही विशेष नाही. वारा होता.” महिनाभर रोज वारा होता.

शुक्रवारी बेकरीत तिच्या हातून चुका होत राहिल्या. गोड मागितलेल्याला खारे, खारे मागितलेल्याला लोणी लावलेले. ती शुक्रवारी मांस खात नाही, आणि पहाटे जपमाळ पुरी झाल्याशिवाय माते नावाच्या कडू चहाची नळी तोंडाला लावत नाही; वडील गेल्यापासूनचा तिचा हा नेम. एरवी त्या नेमानं तिचा दिवस एका सुतात चालतो. आज पहाटे मात्र मणी बोटांतून सरकत होते आणि ओठांवर प्रार्थना असताना मन उजवीकडच्या रेषेवर येरझाऱ्या घालत होतं. दुकानात तर दुसरा विषयच नव्हता. म्हातारे रूपेर्तो, क्लबचे जुने सभासद, काउंटरला टेकून बोलत होते, “डावखुऱ्यानं डावीकडे खेळावं, पोरी. उजवीकडे उभा केलेला डावखुरा म्हणजे उलटा सदरा घातलेला माणूस. गुंड्या लागतात, पण माणूस वेडा दिसतो.” मागं उभा असलेला खाटीक नेरेओ म्हणाला, “आजोबा, तुमच्या काळात खेळाडू मिशा ठेवायचे आणि दर चेंडूला कोपऱ्यापर्यंत जाऊन तिथं एक सिगारेट ओढून मग उडवायचे. आता कुणाला वेळ आहे? आत या, मारा, घरी जा.” “सगळेच मारणार तर जेवणार कोण?” “मारेल तो जेवेल!” “म्हणजे तुझ्या दुकानात जसं मारणारा पण तू, खाणारा पण तू, आणि गिऱ्हाइकाला हाडं!” दुकान खळखळून हसलं. नेरेओला अचानक नीदिया दिसली, म्हणजे ती तिथं आहे आणि ती कोण आहे ते आठवलं. त्याचा चेहरा पडला. “तुमच्या घरात काय म्हणतात, बाई?” त्यानं सभ्यपणे विचारलं. “वारा असतो म्हणतात,” नीदिया म्हणाली, आणि त्याला भलताच पाव बांधून दिला. मग ती मागच्या खोलीत गेली, पिठाच्या पोत्यावर बसली, आणि तिला कळलं की आपण एका प्रश्नाला घाबरून बसलो आहोत आणि तो प्रश्न रूपेर्तोंचाही नाही, नेरेओचाही नाही. रविवारी लीबेर चांगला खेळला तर तो चिलेला जाईल. लीबेरनं चांगलं खेळायचं म्हणजे आत यायचं, स्वतः मारायचं. आणि वाल्देमार हात वर करून उभा राहील, आणि वर्ष संपताना क्लब त्याच्या हातात नारळ देईल. आता मी देवाकडे काय मागू? भावाला दे म्हटलं तर नवऱ्याच्या ताटातलं काढून दे म्हटल्यासारखं. नवऱ्याला दे म्हटलं तर भावाला परत भिंतीशी नेऊन बांध म्हटल्यासारखं. आजवर दोघांसाठी एकच प्रार्थना पुरली होती. तिला स्वतःच्याच मनाची भीती वाटली, की ते नकळत एकाच्या बाजूनं झुकेल आणि देव तेवढं ऐकून घेईल.

शनिवारी दुपारी वाल्देमार मांडवाखाली बसला होता. पाय पाण्याच्या बादलीत, हातात माते. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. “म्हातारे, इकडे बस जरा,” तो म्हणाला. लग्न झालं तेव्हा ती विशीची होती, तेव्हापासून तो तिला म्हातारे म्हणतो. तिनं दुसरी खुर्ची ओढली. “तू गुरुवारी मैदानावर येऊन गेलीस.” “लीबेरनं सांगितलं?” “पावाचा वास आला त्याच्या तोंडाला. दुसरं कोण आणणार?” त्यानं माते तिच्याकडे दिली. ती नळीतून ओढत राहिली, पाणी गारढोण झालं होतं तरी. “महिनाभर गप्प बसलास,” ती म्हणाली. “काय सांगू? वाढणारा उठून दुसऱ्या पंगतीला गेला हे सांगू?” मग तो हसला, पण लगेच थांबला. “ऐक. तानिओनं मला सोमवारपर्यंतची मुदत दिलीय.” तानिओ त्याचा उत्तरेतला चुलतभाऊ, त्याचे दुधाचे ट्रक होते, आणि एका ट्रकवरची जागा त्यानं राखून ठेवली होती. “नाही म्हटलं तर तो दुसरा माणूस घेणार. हो म्हटलं तर हे घर, तुझी बेकरी, पोरीची शाळा, सगळं आवरून तिकडे. आणि इकडे क्लब म्हणतो, अजून एक वर्ष राहा, बाकावर बस, बघू. आता मला समजत नाही की मी संपलोय का फक्त उपाशी आहे.” “म्हणजे?” “म्हणजे चेंडू येत नाही म्हणून गोल होत नाहीत, का आला तरी झाला नसता? कोचला विचारावं तर तो त्याच्या सोयीचं सांगणार. लीबेर मायेचं सांगणार. आणि माझे गुडघे तर खोटारडे आहेत, सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरं.” त्यानं बादलीतून पाय बाहेर काढून फरशीवर ठेवले, ओले ठसे उठले. “उद्या तू बघ. मला बघ. आणि खरं काय ते सांग.” “मला काय कळतं त्यातलं?” “तुला नाही कळत? बापाबरोबर चुना ओढत वाढलीस तू.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “फक्त तू मला आजपर्यंत बघितलं नाहीस कधी.” “असं कसं म्हणतोस!” ती जवळजवळ ओरडली. “प्रत्येक सामन्याला येते मी. पोटुशी असताना आले, तापात आले.” “येतेस गं. आणि तिकडे त्याच्या अंगाला बसतेस. गोल मारून मी वळतो तेव्हा तुझं तोंड त्याच्याकडे असतं. मी काही रागानं नाही म्हणत. मला ते आवडायचंसुद्धा. वाटायचं, हिला खात्री आहे की टाकला की मी मारणारच, बघायची गरजच नाही.” नीदियाच्या कानशिलांत ऊन चढलं. ते खरं होतं. “वचन दे,” तो म्हणाला. “जे दिसेल ते सांगशील. माझं मन राखायला काही शिजवून आणणार नाहीस.” ती शब्द सहजासहजी देत नाही, वाल्देमार चारचौघांत थट्टा करतो की हिनं देवाला शब्द दिला की देवालाच घाम फुटतो. तिनं माते खाली ठेवली. “देते,” ती म्हणाली. बाहेरून कुणीतरी टरबूजवाला ओरडत गेला.

रविवारी पहाटे माउलीच्या तसबिरीपुढं ती मेणबत्ती लावायला गेली आणि हात अडला. सामन्याच्या दिवशी एक मेणबत्ती, दोघांची मिळून. तिला वेगळा विचार कधी करावा लागला नव्हता. आज एक लावली तर ती कुणाची? दोन लावल्या तर तिनंच दोघांना वेगळं केलं असं होणार, आणि त्यातली एक आधी विझली तर ती दिवसभर तेच मनात घेऊन बसणार, हे तिला स्वतःबद्दल माहीत होतं. शेवटी तिनं एकही लावली नाही. जपमाळ घेऊन अंधारातच बसली. माउली, मला काही मागायचं नाही, ती म्हणाली, फक्त मला बघता येऊ दे. एवढं बोलून झाल्यावर तिला आधार वाटायला हवा होता. तो वाटला नाही. दुपारी मैदानावर जाताना ती मनाशी घोकत गेली, वाल्देमारला बघायचं, वाल्देमारला बघायचं. आणि तिकीट दाखवून आत शिरली, थर्मास काखेत, ओळखीच्यांना मान हलवत, पायऱ्या चढली आणि बसली. बसल्यावर लक्षात आलं की पाय तिला नेहमीच्याच डाव्या अंगाला घेऊन आले होते. उठून पलीकडे जाता आलं असतं. पण तिकडे लीबेर होता, आणि तिकडे बसून ती लीबेरलाच बघत राहिली असती. ती बसून राहिली. तिच्या समोरची रेषा रिकामी होती. त्या रेषेवर आता यामान्दू नावाचा नवा, उजव्या पायाचा विंगर होता, पण तोही चेंडू मिळाला की आत पळत होता, आणि ती पांढरी रेघ कुणीही न वापरलेल्या पायरीसारखी पडली होती. बघायला काहीच नसल्यामुळं नजर आपोआप आत गेली, आणि तिला तिचा नवरा दिसला. इतका मोठा माणूस, आणि तो सतत धावत होता. तिला वाटायचं सेंटर फॉरवर्ड उभा असतो आणि चेंडू आला की उडी मारतो. हा तर धावत होता, ढकलला जात होता, कोपर खात होता, परत धावत होता, आणि प्रत्येक वेळी हात वर करत होता. त्याचा श्वास तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्याचे खांदे दिसत होते आणि खांद्यांवरून श्वास कळत होता. हा असा पळतो हे मला कसं माहीत नाही, असं तिला वाटलं, आणि शरमेनं तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

मध्यंतराआधी लीबेरनं गोल मारला. उजव्या रेषेवरून आत आला, एकाला चुकवलं, दुसरा पाय टाकतोय तोवर डाव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात. सगळं स्टँड उठलं. “बघ, बघ, बघ! घ्या! डावखुरा उजवीकडे म्हणे वेडा दिसतो!” मागून कुणीतरी किंचाळलं. नीदिया उठली नाही. तिनं शब्द दिला होता म्हणून ती वाल्देमारकडेच बघत होती, आणि म्हणून तिला दिसलं की गोल झाल्यावर सगळ्यांत आधी वाल्देमार धावत सुटला, तिच्या भावाला त्यानं उचलून घेतलं, हवेत हलवलं, आणि खाली ठेवल्यावर त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलला. मध्यंतरात लोक थर्मास उचलून दुसऱ्या टोकाला निघाले. आता बाजू बदलून लीबेर तिच्याच समोरच्या रेषेवर येणार होता, पण शब्द दिलेला होता, तिनं जागा सोडली नाही. ‘काय नीदिया, पाय मोडले का?’ कुणीतरी विचारलं, ती हसली. उत्तरार्धात दुपार कलली, प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरी केली, आणि लोक चिडले. मग केव्हातरी पलीकडच्या रेषेवर यामान्दूला आत जायला वाटच मिळाली नाही. दोघांनी त्याचा रस्ता अडवला, तो वैतागून वळला आणि त्यानं उजव्या पायानं चेंडू उडवला. चांगला उडवला. उंच, वळत, लांबच्या खांबाकडे. वाल्देमार तिथं होता. आधीपासून होता, वेळेवर होता, जागा बरोबर होती. त्यानं उडी मारली. नीदियाला त्याच्या पायाखालची हवा दिसली, आणि ती थोडी होती. चेंडू त्याच्या केसांवरून हातभर वरून गेला आणि त्याच्या मागच्या बॅकनं, त्याच्याहून बुटक्या माणसानं, उडी मारून तो डोक्यानं बाहेर फेकला. “अरे वाल्देमार, शिडी आणू का रे?” मागच्या रांगेतून आवाज आला. लोक हसले, वाईट मनानं नव्हे, घरच्या माणसाला हसतात तसे. वाल्देमार खाली बसला, बुटाची दोरी बांधू लागला, जी सुटलेली नव्हती.

आणि तेव्हा नीदियाच्या डोळ्यांसमोर भावाचा डावा पाय आला. इतकी वर्षं तिनं ज्या एका गोष्टीकडे बघितलं होतं ती गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत तो पाय चेंडूच्या खाली जायचा, सुपानं धान्य उडवावं तसा, आणि चेंडू पलीकडच्या निलगिरीच्या शेंड्यावर चढून मग हळूच उतरायचा. नंतर कधीतरी तो पाय चेंडूच्या खाली जाईनासा झाला. मधोमध लागू लागला. चेंडू खांद्याच्या उंचीनं, सपाट, जोरात जाऊ लागला. तिला वाटलं होतं, लीबेरचं वय झालं, मांडी दुखत असेल. पण लीबेरची मांडी दुखत नव्हती; मघाशीच त्यानं कसा मारला होता! त्याचा पाय शाबूत होता. तो पाय दरवर्षी बोट-बोटभर चेंडू खाली आणत होता. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नव्हतं, कारण बाकी सगळे चेंडूकडे बघत होते, गोलाकडे बघत होते. तिच्या अंगावर काटा आला. घरात इतकी वर्षं रोज एक दान होत होतं, या हाताचं त्या हाताला कळू न देता, आणि ते दान तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं, हाताच्या अंतरावर. त्याला पुण्य म्हणायचं, की लबाडी, तिला ठरवता येईना. ज्याला मिळालं त्याला आपण घेतोय हेच माहीत नसेल तर तो आभार तरी कसे मानणार, आणि थांबणार तरी कसा? मैदानावर तेवढ्यात शिट्टी झाली. सामना संपला होता. तिला बरोबरीचा आकडासुद्धा आठवेना.

लोक उतरू लागले. लीबेर तारेपाशी धावत आला, अंगावर अजून चिखल, चिलेहून आलेल्या माणसाचं कार्ड मोज्यात खोचलेलं. “आवडलं म्हणाला, नीदिया! उद्या सकाळी हॉटेलवर बोलावलंय!” तिनं तारेतून हात घालून त्याच्या गालावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. “चांगला खेळलास,” ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मग तिनं विचारलं, “कधीपासून खाली आणत होतास रे चेंडू?” त्याला पहिल्यांदा समजलं नाही असं त्यानं दाखवलं. मग मान खाली घातली. “तुला कसं...” “कधीपासून?” “पोरगी झाली तुमची, त्याच्या पुढच्या वर्षी. उडी कमी पडायला लागली त्याची. म्हटलं, आपल्याकडे पाय आहे, वापरू या.” त्यानं तारेला बोटं अडकवली. “त्याला माहीत आहे?” “छे. वेडी आहेस का? त्याला वाटतं तो अजून तेवढाच उडतो. नीदिया, ऐक, त्यानं मला सांगितलंय तुला काय विचारलंय ते. तू म्हण, चेंडू येत नव्हता. आलेला एक वाईट आला. संपलं. एक वर्ष बाकावर बसेल, बसू दे ना. कुणाचं काय जातं?” “आणि तू चिलेत.” “मी चिलेत,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पोरासारखा झाला. “म्हणूनच म्हणतो. मी गेल्यावर त्याला निदान असं वाटू दे की मी द्यायचं थांबवलं म्हणून झालं. शिव्या मला घालू दे.” लहानपणी कोट देताना ती त्याची कॉलर सारखी करायची, तसा तिचा हात उचलला गेला, पण मध्ये तार होती. “त्याला तू खाऊ घातलंस, लीबेर,” ती म्हणाली. “देव तुला उणं पडू देणार नाही. पण त्यानं मला विचारलंय.” “तो मोडेल गं.” “मोडेल का काय, मला माहीत नाही.” तिनं थर्मास दुसऱ्या काखेत घेतला. “सगळ्यांत आधी तुला उचलून घेतलं त्यानं आज. मी बघितलं.”

स्टँड जवळजवळ रिकामं झालं होतं. एक माणूस शेंगांची टरफलं झाडत होता. नीदियानं थर्मासचं झाकण घट्ट केलं, शाल डोक्यावरून घेतली. खेळाडूंच्या खोलीकडे जाणारी वाट स्टँडच्या मागून होती, पत्र्याच्या भिंतीला लागून, आणि त्या वाटेनं ती कधी गेली नव्हती. ती नेहमी फाटकाबाहेर थांबायची आणि दोघं मिळून बाहेर यायचे. पहिलं वाक्य काय असेल ते तिला अजून सापडलं नव्हतं. दुसरंही नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की भावाच्या पायाबद्दलचं ती वाल्देमारपासून लपवणार नाही आणि ते सांगताना आपल्या तोंडून ते उपकारासारखं निघता कामा नये. पत्र्याआड कुणीतरी नळ सोडून ठेवला होता आणि पाणी वाहत होतं. ती पायऱ्या उतरली आणि तिकडे चालू लागली.